चित्र, वाणी आणि टिपण : मराठी प्रदेशातील दृश्य सादरीकरणाची परंपरा व आजचा महाविद्यालयीन वर्ग

सारांश

महाविद्यालयीन अध्यापनात संगणकीय सादरीकरण, म्हणजेच बोलीभाषेत ‘पीपीटी’, आता सर्वमान्य झाले आहे. मात्र पडद्यावर मजकूर दाटीवाटीने भरावा, तो वाचून दाखवावा आणि विद्यार्थ्यांनी तो उतरवून घ्यावा, असे त्याचे रूप अनेक वर्गांत दिसते. दृश्य सादरीकरण साधे व सर्जनशील करण्याचा विचार बहुधा परदेशी पुस्तकांच्या आधारे मांडला जातो. प्रस्तुत लेखात चित्रकथी, शांबरिक खरोलिका, दादासाहेब फाळके यांचा पहिला लघुपट, कोसबाडचे बालशिक्षण, निवडणूक चिन्हे व एसटीची पाटी या उदाहरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, चित्राने काय दाखवावे, वक्त्याने काय सांगावे आणि कागदाने काय जपून ठेवावे, यांची विभागणी हाच साधेपणाचा पाया आहे. ही विभागणी मराठी प्रदेशाला जुनी व परिचित आहे.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील पेण शहराला लागून रामवाडी आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाचे कार्यालय येथे असल्यामुळे पेण, रोहा, अलिबाग, महाड या परिसरातील प्रवाशांना हे नाव परिचयाचे आहे. या परिसरातील महाविद्यालयांत येणारा विद्यार्थीवर्ग आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकर अशा विविध समाजांतून येतो. त्यांतील अनेकजण आपल्या कुटुंबातील महाविद्यालयात जाणारे पहिलेच असतात. घरी संदर्भग्रंथ नसतात, शिकवणीची सोय नसते. वर्गात जे समजले तेवढीच शिदोरी. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्राध्यापकाने पडद्यावर काय व कसे दाखवले, हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न उरत नाही. तो ज्ञान पोहोचण्याचा अथवा न पोहोचण्याचा प्रश्न ठरतो.

सादरीकरणाच्या आराखड्यासंबंधी सल्ला देणारे साहित्य आज विपुल आहे. टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘पेचाकुचा’ या पद्धतीत वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद असे बंधन घालण्यात आले. गार रेनॉल्ड्स यांचे ‘प्रेझेंटेशन झेन’ हे पुस्तक २००८ मध्ये आले आणि रिकाम्या जागेचे महत्त्व त्याने जगभर पोहोचवले. हे विचार उपयुक्त आहेतच. तथापि त्यांचा स्वीकार करताना आपली अशी समजूत होते की, आपल्याकडे यासंबंधी काही पूर्वसंचित नाही. ही समजूत ऐतिहासिकदृष्ट्या तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. चित्रकथी : बोलणारा आणि दाखवणारे

चित्रांच्या साहाय्याने कथा सांगण्याची परंपरा दक्षिणेत किमान नऊशे वर्षे जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आढळतो. महाराष्ट्रात या परंपरेचा जिवंत राहिलेला प्रवाह सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी आहे. तेथील ठाकर समाजाच्या कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभला होता. या कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

चित्रकथीची साधनसामग्री अगदी अल्प असते. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक ‘पोथी’. एका पोथीत रामायण वा महाभारतातील एखादे आख्यान क्रमाने येते. कथन करणारा एकेक चित्र प्रेक्षकांपुढे उभे धरतो, वाद्यांच्या साथीने कथा गातो आणि प्रसंग संपला की चित्र बदलतो. आजच्या भाषेत सांगायचे तर ही एक स्लाइडमालाच होय.

या चित्रांचे दोन विशेष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, त्यांत पार्श्वभूमी फारशी नसते. कोरा कागद, त्यावर ठसठशीत रेषेतील दोन-तीन व्यक्तिरेखा, मोठे डोळे आणि स्पष्ट हावभाव. युद्धाचा प्रसंग असला तरी सर्व सैन्य रंगवण्याचा अट्टाहास नाही. दूर बसलेल्या प्रेक्षकाला मंद प्रकाशात कोण कोणाशी कोणत्या भावाने बोलत आहे, हे कळावे एवढीच अपेक्षा. दुसरा विशेष अधिक मोलाचा आहे. ‘पोथी’ हे नाव असूनही प्रेक्षकाने वाचावा असा मजकूर त्यात मुख्य नसतो. चित्र पाहून कथा पूर्ण कळत नाही आणि कथा ऐकून प्रसंग पूर्ण डोळ्यांपुढे उभा राहत नाही. दोघांना एकमेकांची गरज असते. चित्र अपुरे ठेवणे ही येथे उणीव नसून योजना आहे, कारण त्या अपुरेपणामुळेच प्रेक्षकाचे लक्ष पुन्हा कथनकाराकडे वळते.

३. शांबरिक खरोलिका आणि अंकुराची वाढ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच विभागणी एका नव्या यंत्राच्या संदर्भात पुन्हा घडवावी लागली. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी. पाश्चात्त्य यंत्राला त्यांनी नाव संस्कृत दिले आणि आशय पुराणकथांतला दिला. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवायची, दिव्याच्या प्रकाशाने ती पडद्यावर मोठी करायची आणि एकामागून एक अशी सरकवायची की चित्र हलत असल्याचा भास व्हावा, अशी ही पद्धत होती. सोबतीला निवेदन व संगीत असे. चित्रपट मुंबईत १८९६ मध्ये आला. त्यामुळे पडद्यावरील प्रकाशचित्रांचे मराठी प्रेक्षकांना झालेले हे आरंभीचे दर्शन होते.

काचेच्या पट्टीचा आकार हातात मावेल एवढा. तिच्यावरील रेषेचा बारीकसा दोषही पडद्यावर कितीतरी पटींनी मोठा दिसणार. त्यामुळे काय वगळावे, याचा निर्णय चित्रकाराला कुंचला उचलण्यापूर्वीच घ्यावा लागे. एक पट्टी रंगवण्यास लागणारे श्रम हेच त्या काळी अतिरेकावरचे नैसर्गिक नियंत्रण होते. आज एक स्लाइड वाढवण्यास कळ दाबण्यापलीकडे काही लागत नाही. पूर्वी श्रमाने घातलेले बंधन आता सादरकर्त्याने स्वतःच्या विवेकाने घालून घ्यायचे आहे, हा या तुलनेतून निघणारा पहिला बोध.

पुढील उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा व तंत्रज्ञान घेऊन परतल्यावर त्यांच्यापुढे भांडवलाचा प्रश्न होता. भारतात चित्रपट तयार होऊ शकतो, यावर पैसे गुंतवणाऱ्यांचा विश्वास बसणे अवघड होते. फाळके यांनी यासाठी लांबलचक निवेदन तयार केले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि ठराविक कालांतराने त्याची चित्रे घेत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट पाहिल्यावर त्यांना कर्ज मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला.

या घटनेकडे चित्रपटाच्या इतिहासातील एक रंजक प्रसंग म्हणून पाहिले जाते. सादरीकरणाच्या दृष्टीने पाहता तिचे मर्म निराळे आहे. पटवून देण्याची गोष्ट एकच होती : काळ पकडता येतो. त्या एका विधानासाठी फाळके यांनी एकच दृश्य निवडले. ते दृश्य असे होते की, शब्दांनी सांगून त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र शंकेला जागा उरली नाही. सर्जनशीलता म्हणजे सजावट नव्हे. आशयाला नेमके साजेल असे दृश्य शोधून काढणे म्हणजे सर्जनशीलता, हे येथे स्पष्ट होते.

४. फळा आणि कोसबाडचे शिंपले

यंत्राविना झालेल्या सादरीकरणाचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. शालेय व महाविद्यालयीन वर्गातील सर्वांत दीर्घायुषी दृश्य साधन म्हणजे खडू आणि फळा. फळ्याची शक्ती त्याच्या संथपणात आहे. शिक्षक आकृती काढत असताना बोलत असतो. त्यामुळे आकृतीचा प्रत्येक भाग तो उच्चारला जात असतानाच विद्यार्थ्यापुढे येतो. पूर्ण झालेली आकृती एकदम समोर आली तर नजर कोठे ठेवावी हे कळत नाही. फळ्यावर मात्र खडू जेथे असतो तेथेच नजर असते. शिवाय फळा लहान असतो आणि भरला की पुसावा लागतो. काय पुसायचे व काय कोपऱ्यात राखून ठेवायचे, हा निर्णय अनुभवी शिक्षक नकळत घेत असतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य याच दिशेने एक पाऊल पुढे गेलेले दिसते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे ग्राम बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर नेणे शक्य नव्हते. तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे, माती या परिसरातील वस्तूंतून शैक्षणिक साधने घडवण्यात आली. यात खर्चाची बचत झाली, हे उघड आहे. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने लाभ त्याहून मोठा होता. मुलाला साधन समजून घेण्यात शक्ती खर्च करावी लागली नाही. शिंपला त्याच्या ओळखीचा होता, म्हणून त्याचे सारे लक्ष मोजण्याकडे गेले.

त्याच परिसरातील वारली चित्रकलेत वर्तुळ, त्रिकोण, रेषा एवढ्या मोजक्या आकारांतून नांगरणी, लग्न, तारपा नृत्य असा सारा जीवनव्यवहार उभा राहतो. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला जगापुढे नेली. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. त्यांच्या कलण्यावरून तो माणूस नाचतो आहे की ओझे वाहतो आहे, हे ओळखू येते. अल्प साधनांतून अधिक अर्थ काढण्याची याहून स्पष्ट शिकवणी क्वचितच मिळेल.

५. निवडणूक चिन्ह, एसटीची पाटी आणि मूर्तीचे डोळे

साधेपणाचा संबंध केवळ कलेशी नाही, तो नागरिकत्वाशीही आहे. व्हिएन्ना येथे ऑटो नॉयराथ यांनी १९२० च्या दशकात सामान्य कामगारांना समाजाची आकडेवारी कळावी म्हणून चित्रचिन्हांची पद्धत विकसित केली. पुढे ती ‘आयसोटाइप’ या नावाने प्रसिद्ध झाली. तज्ज्ञांची माहिती आणि चित्रकाराची रेषा यांच्या मध्ये माहितीचे रूपांतर करणारी एक स्वतंत्र व्यक्ती असावी, असा त्यांचा आग्रह होता. काय ठेवायचे व काय गाळायचे, हे ती व्यक्ती वाचकाच्या वतीने ठरवी.

भारतात असाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. बैलजोडी, झोपडी, झाड अशी ही चिन्हे दूरवरून ओळखू येणारी, एकमेकांशी घोटाळा न होणारी व शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातली होती. पक्षाचा जाहीरनामा मतपेटीवर लिहिण्याचा विचार कोणी केला नाही. तो सभेत सांगायचा होता व पत्रकात छापायचा होता.

रामवाडीचा उल्लेख आरंभी आला, तो याच संदर्भात पुन्हा महत्त्वाचा ठरतो. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून गाडीच्या कपाळावरील पाटी हे ग्रामीण महाराष्ट्रातील कदाचित सर्वाधिक वाचले गेलेले दृश्य माध्यम असेल. स्थानकात शिरणाऱ्या गाडीची पाटी वाचण्यास प्रवाशाला काही क्षणच मिळतात. त्यामुळे पाटीवर अंतिम ठिकाण मोठ्या अक्षरांत असते आणि आवश्यक तेथे ‘मार्गे’ असा एक शब्द जोडून मधले गाव लहान अक्षरांत येते. वेळापत्रक पाटीवर नसते. ते स्थानकाच्या भिंतीवर असते. भाडे, थांबे, गाडी कोठे किती वेळ थांबणार, हे वाहक सांगतो. येथेही पाटी, वाहक आणि भिंतीवरील तक्ता यांच्यात कामाची नेमकी वाटणी आहे. वेळापत्रक, भाडेपत्रक व थांब्यांची यादी पाटीवर चढवली तर गाडी निघून जाईपर्यंत प्रवासी वाचतच राहील. आपल्या अनेक स्लाइडची अवस्था अशा पाटीसारखी झाली आहे.

पेण तालुक्याची ख्याती गणेशमूर्तींसाठी आहे. शहरात तसेच हमरापूर, जोहे या गावांत हा व्यवसाय चालतो. साच्यातून मूर्ती काढणे, वाळवणे, घासणे, रंग देणे यांत अनेक हात लागतात. डोळ्यांची आखणी मात्र कसलेल्या कारागिराकडे सोपवली जाते, कारण दर्शन घेणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. पाहणाऱ्याची दृष्टी कोठे पडणार हे आधी ओळखावे आणि सर्वाधिक कौशल्य तेथे खर्च करावे, हा सादरीकरणाचा नियम पेणच्या कारखान्यांत रोज पाळला जातो.

६. संगणकीय सादरीकरण : विभागणी कशी मोडली

पॉवरपॉइंट ही प्रणाली एप्रिल १९८७ मध्ये बाजारात आली. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी ती फोरथॉट या कंपनीत तयार केली होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १.४ कोटी डॉलरना विकत घेतली. व्यावसायिक बैठकीसाठी पारदर्शिका तयार करणे सोपे व्हावे, हा मूळ हेतू होता. वर्गाध्यापन हे तिचे उद्दिष्ट नव्हते. शीर्षक आणि त्याखाली ठिपक्यांची यादी, हा तयार साचा मात्र जगभर सर्व विषयांना लावला गेला.

भारतात १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले होते. त्यांत किमान निर्मिती करणारा चमू असे. पुढे महाविद्यालयांत एलसीडी प्रोजेक्टर आले आणि प्राध्यापक एकाच वेळी लेखक, चित्रकार व निवेदक झाला. चित्र शोधण्यास वेळ लागतो, मजकूर मात्र आधीच्या टिपणांत तयार असतो. म्हणून टिपणेच पडद्यावर गेली. परिणामी एकच मजकूर तीन ठिकाणी आला : पडद्यावर, वक्त्याच्या तोंडी आणि विद्यार्थ्याच्या वहीत. चित्रकथीपासून एसटीच्या पाटीपर्यंत टिकलेली विभागणी येथे मोडली.

या पुनरुक्तीची किंमत मानसशास्त्रीय संशोधनाने दाखवून दिली आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या संज्ञानात्मक भाराच्या सिद्धांतानुसार माणसाची कार्यस्मृती मर्यादित आहे व अनावश्यक भार शिकण्याची जागा अडवतो. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असे दिसून आले की, चित्र व निवेदन यांच्या जोडीला निवेदनाचाच मजकूर पडद्यावर दिल्यास सामान्यतः आकलन वाढत नाही, उलट घटते. याला अपवाद आहेत. अपरिचित पारिभाषिक संज्ञा, विशेषनामे किंवा शिकणाऱ्याची भाषा निराळी असणे, अशा वेळी पडद्यावरील मोजके शब्द साहाय्यक ठरतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी हा अपवाद विशेष महत्त्वाचा आहे. त्याला परिच्छेद नको असतो. ‘खोती’, ‘कूळ’, ‘सारा’ असा एखादा शब्द अचूक लिहिलेला हवा असतो.

दाटलेल्या स्लाइडचे गांभीर्य जगापुढे एका दुर्घटनेने आणले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या मार्गावर भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच या आघाताचे विश्लेषण अभियंत्यांनी स्लाइडच्या रूपाने वरिष्ठांपुढे ठेवले. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. तळाशी, सर्वांत खालच्या पातळीवरील बारीक अक्षरांत असे नमूद होते की, चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता व प्रत्यक्षातील तुकडा सुमारे १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. निर्णयाला वळण देऊ शकणारी गोष्ट उतरंडीच्या तळाशी गाडली गेली होती. एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचे विश्लेषण केले आणि चौकशी मंडळाच्या २००३ च्या अहवालानेही तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवर टीका केली. दुर्घटनेची कारणे अनेक व संस्थात्मक होती. सारा दोष एका स्लाइडवर टाकणे योग्य ठरणार नाही. तथापि मांडणीतील उतरंड विचारातील उतरंड ठरवते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

७. देवनागरी लिपी आणि मराठी वाक्य

परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत न सापडणारे काही प्रश्न आपल्याला आपल्या लिपीच्या व भाषेच्या संदर्भात सोडवावे लागतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार येतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मागच्या बाकावरून ‘कुल’ आणि ‘कूळ’ सारखेच दिसतात. म्हणून मराठी स्लाइडवर ओळी कमी व अंतर अधिक हवे. दुसरे असे की, देवनागरीत मोठी-लहान लिपी हा भेद नाही. इंग्रजीत मोठ्या लिपीने जे ठसवता येते, ते आपल्याला अक्षराचा आकार, जाडी व भोवतालची मोकळी जागा यांतून साधावे लागते.

या लिपीचा संगणकीय विचार महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर झाला आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि विंडोजबरोबर घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉण्ट घडवला. पुढील पिढीत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे मुक्त फॉण्ट उपलब्ध झाले. त्यांत निरनिराळ्या जाडीची अक्षरे विनामूल्य मिळतात. साधनांची उणीव हे कारण आता पुढे करता येणार नाही.

भाषेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ठिपक्यांच्या यादीत जागा वाचवण्यासाठी प्रथम बळी जातो तो त्याचाच. ‘कुळांचा असंतोष’, ‘नेतृत्व’, ‘परिणाम’ अशी नामांची रांग उरते. कोणी काय केले, केव्हा केले, हे विधान आहे की प्रश्न, हे सारे क्रियापदाबरोबर निघून जाते. इतिहासाच्या अध्यापनात ही हानी गंभीर आहे, कारण इतिहास हा कर्ता आणि क्रिया यांचाच विषय आहे. शीर्षकाच्या जागी क्रियापदासह एक पूर्ण वाक्य लिहिण्याची शिस्त स्वीकारल्यास सादरकर्त्याला आपले म्हणणे काय आहे, हे आधी ठरवावे लागते. निम्मा साधेपणा तेथेच साधतो.

८. एक उदाहरण : चरीचा संप

वरील विवेचन रायगड जिल्ह्यातीलच एका विषयाला लावून पाहू. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी खोती पद्धतीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा संप केला. कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कूळ कायदा संमत झाला.

प्रचलित पद्धतीने यावर एक स्लाइड होईल : शीर्षक ‘चरीचा शेतकरी संप’, खाली पार्श्वभूमी, कारणे, नेतृत्व, व्याप्ती, परिणाम, महत्त्व अशा सहा नोंदी. विद्यार्थी ती उतरवून घेईल व तास संपेल. या संपाचे असामान्यत्व, म्हणजे त्याचा कालावधी, त्या यादीत कोठेच जाणवणार नाही.

याऐवजी चार स्लाइडची योजना करता येईल. पहिल्या स्लाइडवर पडीक खाचराचे छायाचित्र आणि ‘कुळांनी जमीन कसण्यास नकार दिला’ हे एकच वाक्य. प्राध्यापक खोती पद्धत तोंडी समजावून सांगेल. पडद्यावर फक्त ‘खोत’ आणि ‘कूळ’ हे दोन शब्द येतील. दुसऱ्या स्लाइडवर १९३३ पासून १९३९ पर्यंतची वर्षे एका ओळीत रिकाम्या चौकटींच्या रूपाने यावीत व एकेक चौकट उमटत जावी. प्रत्येक चौकट म्हणजे पिकाविना गेलेला एक पावसाळा. येथे प्राध्यापकाने थोडे थांबावे आणि विचारावे : या वर्षांत घर कसे चालले असेल? भातशेती करणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून शोधावे लागणार नाही. तिसऱ्या स्लाइडवर अलिबाग व मुंबई दाखवणारा साधा नकाशा, खाडीकाठच्या गावातील प्रश्न विधिमंडळापर्यंत कसा गेला हे सांगण्यासाठी. चौथ्या स्लाइडवर ‘१९३९ : कूळ कायदा’ एवढेच. तारखा, कायद्याच्या तरतुदी, वाचनासाठी ग्रंथ हा सर्व तपशील एका पानाच्या छापील टिपणात द्यावा आणि ते टिपण तासाच्या शेवटी वाटावे.

या योजनेत माहिती कमी झालेली नाही. तिची जागा बदलली आहे. पडदा, वाणी आणि कागद यांनी आपापले काम वाटून घेतले आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही वाटणी नसल्याचा फटका विद्यार्थ्यांना बसला. वर्गातील पडद्यासाठी रचलेली दाट स्लाइड मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाचता येईना आणि आवाज तुटला की काहीच हाती उरेना. टिपण स्वतंत्र असते तर निदान ते वाचता आले असते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चित्र व वाणी यांच्या संयुक्त सादरीकरणाची परंपरा मराठी प्रदेशात दीर्घ असून तिच्यात चित्राने शब्दाची पुनरुक्ती करू नये, हा संकेत प्रायः पाळलेला दिसतो.

२. प्रत्येक नव्या साधनाबरोबर ही विभागणी नव्याने शिकावी लागते. पटवर्धनांना ती काचपट्टीसाठी व फाळक्यांना चित्रफितीसाठी शोधावी लागली. संगणकासाठी ती आपल्याला शोधायची आहे.

३. साधेपणा म्हणजे आशयाचे दारिद्र्य नव्हे. जे पडद्यावरून काढले, ते बोलण्यात किंवा टिपणात यावयास हवे. तिन्ही ठिकाणांहून गाळणे हा साधेपणा नसून हयगय होय.

४. मराठी सादरीकरणाचे नियम देवनागरीची घडण व मराठी वाक्याची रचना लक्षात घेऊन ठरवावे लागतील. क्रियापदासह पूर्ण वाक्याचे शीर्षक, मोजक्या ओळी व पुरेसे अंतर ही त्याची सुरुवात ठरू शकते.

५. महाविद्यालयीन मूल्यमापनात संगणकीय साधनांचा वापर ‘केला किंवा नाही’ एवढेच नोंदवले जाते. तो कशासाठी व कसा केला, याची चर्चा विभागीय पातळीवर सहकाऱ्यांनी परस्परांच्या तासांना बसून करणे अधिक फलदायी ठरेल.

स्लाइड तयार करताना प्राध्यापकाने एकच कसोटी लावावी. आपण वर्गात नसताना ती स्लाइड सर्व काही सांगत असेल तर ती टिपण आहे. ती छापून द्यावी. आपण बोलू लागल्यावरच जिला अर्थ येतो ती खरी स्लाइड. चित्रकथीच्या पोथीतील चित्र कथनकाराची वाट पाहत असे. आपल्या पडद्यावरील चित्रानेही शिक्षकाची वाट पाहावी, कारण गावाहून पहिली गाडी पकडून आलेला विद्यार्थी शिक्षकाला ऐकण्यासाठीच वर्गात येऊन बसलेला असतो.